पंधराच्या आधी सोळा

त्या प्रकरणाची आठवण निघाली की आजही माझं डोकं तापतं. खून नाही, दरोडा नाही. जमिनीत गाडलेली एक गॅसची पाइपलाइन, आणि तिच्या डोक्यावर उभं राहून ‘मला काय माहीत’ म्हणणारी चार शहाणी माणसं.

मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होतो. पवनानगरकडची चौकी माझ्याकडे होती. शनिवार असल्याने लोणावळ्याकडून गाड्यांची रीघ लागलेली. रस्त्यात थांबून फोटो काढणारे आणि त्यांना शिव्या देणारे, दोघेही तक्रार घेऊन माझ्यासमोर. अशात पन्नाशीचा एक माणूस काठी टेकत आत आला. गॅसच्या लाइनवरून रोज पायी फिरून पाहणी करायची, हे त्याचं काम. गॅस कंपनीच्या ठेकेदाराकडे नोकरीला होता.

“साहेब, दगड हललेत,” तो म्हणाला.

मी त्याला बाकावर बसायला सांगितलं आणि विसरून गेलो. तासाभराने पाहतो तर तो तिथंच.

“कसले दगड?”

“लाइनीवरचं पिवळं खुणेचं दगड. त्यांच्यावर नंबर हायती. आज चालताना पंधराच्या आधी सोळा लागला. आन् पयलं जितं दगड हुते, तितं जेसीबी खणतोय.”

“तुमच्या ऑफिसला कळवलंत?”

“कळवलं की. सोमवारी बघू म्हनले.”

सोमवारी! मी स्टेशन डायरीत नोंद करायला सांगितली आणि हवालदाराला आणि त्या काठीवाल्याला घेऊन जीप काढली.

धरणाकाठी एका नव्या कॅम्पसाइटसाठी पोहण्याचा तलाव खणला जात होता. शेजारच्या जागेत पर्यटकांचे तंबू आणि पेटलेल्या शेगड्या. मी मशीन थांबवलं आणि किल्ली खिशात टाकली. तलावाचा ठेकेदार धावत आला.

“साहेब, दगड तर तिकडे आहेत. आम्ही लाइनपासून लांबच आहोत.”

“गॅस कंपनीला विचारलंत?”

“ग्रामपंचायतीचा दाखला आहे ना.”

दाखला देणाऱ्याला फोन लावला. “जागेवर गेलो नव्हतो, पण अर्ज व्यवस्थित होता,” तो म्हणाला. जेसीबीवाल्याचं म्हणणं, “शेठ म्हणले खणा, आम्ही खणलं.” शेगड्या विझवा म्हटलं, तर पुण्याचे एक गृहस्थ म्हणाले, “चहा होऊ द्या, मग विझवतो.” त्यांच्या शेगडीवर मी स्वतः बादली ओतली.

कंपनीचा इंजिनिअर यायला तयार नव्हता. तुमचं नाव डायरीत लिहितो म्हटल्यावर दोन तासांत हजर झाला. त्याने लाइन शोधायचं यंत्र जमिनीवरून फिरवलं. दगडांजवळ ते मुकं राहिलं. तलावाच्या खड्ड्यात मात्र ओरडायला लागलं. मग हाताने, फावड्याने माती काढायला लावली. जेसीबीच्या बकेटच्या दातांच्या खुणांपासून जेमतेम वीतभर खाली पाइप होता.

मी त्या काठीवाल्याकडे पाहिलं नाही. मला त्याचा तो बाकावर गेलेला तास आठवत होता.

पंचनामा केला. दगडांच्या बुडाशी सिमेंट ताजं होतं. ही जागा विकणारा मूळ मालक, सत्तरीचा शेतकरी, चौकीत आणला. दगड आता त्याच्या चुलतभावाच्या शेतात उभे होते.

“आबा, दगड कुणी हलवले?”

“पान्यानं सरकलं आसतील.”

“सिमेंटच्या पायासकट? पन्नास पावलं? आणि ओळीत?”

“लय पाऊस झाला औंदा, साहेब.”

अर्धा तास हेच चाललं. मला हसावं की रडावं कळेना. आवाज चढवून उपयोग नाही, हे मला अनुभवाने माहीत होतं. अशी माणसं दटावणीला बधत नाहीत, पण आपल्या कामाला कुणी नाव ठेवलं तर गप्प बसत नाहीत. मी पाणी मागवलं आणि सहज म्हणालो, “काम मात्र अडाण्यासारखं केलंत, आबा. पंधराच्या आधी सोळा लावला.”

“आसं कसं? गवंड्याला सांगितलं हुतं, जसं हायती तसंच बसीव म्हनून!”

हवालदाराची पेन्सिल थांबली. म्हाताऱ्याचं तोंडही.

मग त्याने सगळं सांगितलं. “लाइन हाय म्हनलं की गिऱ्हाईक माघारी जातंय. दगड भावाच्या शेतात लावलं. त्यो कुटं खणतोय? आन् जमिनीखालचं कुनाला दिसतंय?”

“तुमचं घर कुठं आहे, आबा?”

“त्या प्लॉटच्या मागंच.” मग त्याने हळूच विचारलं, “साहेब, पाइप फुटला आसता तर घरापातूर आली आसती का वो आग?”

“ते सांगायला घर नि तुम्ही, दोन्ही राहिलं नसतं, आबा.”

त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

त्याच्यावर आणि तलावाच्या ठेकेदारावर गुन्हा नोंदवला. दगड मूळ जागी गेले. क्राइम मीटिंगमध्ये वरिष्ठांनी विचारलं, “नुकसान किती?”

“काहीच नाही, सर.”

“मग एवढा कागद कशाला काळा केलात?”

जे घडलं त्याची नोंद ठेवायला आमच्याकडे रजिस्टरं आहेत. जे घडू दिलं नाही त्याला रकाना नाही. म्हणून असं काम करणाऱ्याला कुणी ओळखत नाही. तक्रार फालतू वाटली तरी ती घेऊन येणारा चालत आलाय, एवढं तरी पाहावं, हे मी त्या शनिवारी शिकलो.

आठवड्याने तो काठीवाला पुन्हा आला. हातात त्याच्या ठेकेदाराची नोटीस: शनिवारी दुपारी कामाची जागा सोडून कुठे होता, खुलासा करा. संतापाने माझे कान तापले. त्याला खुर्ची दिली, लेटरहेड काढलं आणि खुलासा मीच लिहिला. एकच ओळ:

‘सदर इसम शनिवारी दुपारी पूर्ण वेळ आपल्या कामावर हजर होता.’