तीन नंबरचा पंप बंद दिसतोय

दसऱ्याची सुट्टी संपून ऑफिस उघडलं त्या सकाळी आमच्या सरांनी फोनवर एका माणसाला कामावरून काढलं आणि मग चहा मागवला. चहा माझ्या टेबलापर्यंत आला तेव्हा मला कळलं, की काढलेला माणूस तीन नंबरच्या पंपावरचा ऑपरेटर आहे आणि त्याच्या गुन्ह्याची एकमेव साक्षीदार मी सांभाळते ती स्क्रीन आहे.

आमची कंपनी म्हणजे वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतला एक गाळा. लहान कारखान्यांना पाणी पुरवणारे काही पंप आम्ही चालवतो. पंप पैठणच्या बाजूला, रानात. प्रत्येक पंपघरात एक डबा, डब्यात मॉडेम. हा मॉडेम लँडलाइनवरून ऑफिसला फोन लावतो, थोडा वेळ किंचाळतो आणि मग सांगतो, पंप चालू आहे किंवा बंद आहे. आजच्या काळात डायल-अप, असं ऐकून माझे मित्र हसतात. सरांच्या मते जी वस्तू अजून चालते तिला जुनी म्हणणं हा पैसेवाल्यांचा शौक आहे.

ऑफिसात एक मोठा डबा आहे. पंपघरातून फोन आला, की तो त्या मॉडेमला एक आयपी पत्ता देतो. स्क्रीन पंपाला ओळखत नाही, पत्त्याला ओळखते. या पत्त्यावरून जे आलं ते तीन नंबरचं, विषय संपला. आमच्या शहरात पत्र जुन्या नावानं येवो की नव्या, पोस्टमन ते बरोबर घरी आणून देतो. यंत्राला पोस्टमनची अक्कल नसते.

"सणापासून बंद आहे," सर स्क्रीनवर बोट आपटत म्हणाले. "दोन कारखान्यांची तक्रार आलीय, पाणी कमी येतंय. आणि हा तिथं झोपलेला. आता दोन नंबर बघ! एक मिनिट थांबलेला नाही. तो पण माणूसच आहे ना?"

एवढ्यात माझा मोबाइल वाजला. तीन नंबरचा ऑपरेटरच होता.

"ताई, सायेब म्हणायलेत आजच खोली खाली कर. बायको भांडी भरायलीय पोत्यात."

तो आणि त्याची बायको पंपघराला लागून असलेल्या खोलीत राहतात. नोकरी गेली की छप्परही त्याच दिवशी जातं, अशी आमच्या कंपनीची सोय आहे.

"पण तुम्ही पंप बंद का ठेवला?"

"कोण म्हणतंय बंद? ऐका." फोनमधून एकदम घरघर आली. मग पुन्हा तो. "आता बोला. ह्यो काय माझ्या पोटातला आवाज हाय का?"

मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "आवाज काय, मोबाइलमध्ये भरून ठेवता येतो. स्क्रीन खोटं बोलत नाही." आणि मग खुर्ची मागं ढकलून त्यांनी मला प्रबोधनपर व्याख्यान दिलं. "मला माहितीय काय झालंय. खंडेनवमीला मोटर बंद करून हार घातला असेल, नारळाचं पाणी स्टार्टरमध्ये सांडलं असेल. अंधश्रद्धा! तुला तर हे सांगायला नको. तुमच्या घरी याच्यावर पत्रकं छापतात."

छापतात. आमचं घर चळवळीतलं. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत पाहुण्यांना बसायला जागा नसायची, पत्रकांना असायची. मी वाचायला शिकले ती पत्रकांवरच, त्यामुळे बरीच वर्षं माझा समज होता, की मराठी वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्हच असतं. यंत्र पूजेनं चालत नाही, कष्टकऱ्याच्या हातानं चालतं, हे वाक्य मी चौकाचौकात वाटलं आहे. त्यातला अर्धा भाग आता सरांच्या तोंडून येत होता आणि उरलेल्या अर्ध्या भागातल्या माणसाला हाकलायला वापरला जात होता. त्यांच्या मागं, त्या मोठ्या डब्यावर, झेंडूचा हार सुकत होता.

मी म्हणाले, मी जाऊन बघून येते. ते म्हणाले, पेट्रोल तुझं.

पंपघरापाशी पोचले तेव्हा स्कूटी बंद केल्यावरही माझ्या कानात इंजिन चालू होतं. ते इंजिन नव्हतं, तो पंप होता. ऑपरेटर दारातच उभा, बायको पोत्याचं तोंड बांधत होती.

"पूजेला मोटर बंद केली होती?" मी आधी तेच विचारलं.

"नाय वो ताई. पाणी बंद केलं की सायेब खवळतेत. चालू मोटरीलाच लांबून हात जोडले. हार स्टार्टरच्या खोक्याला घातला. शाफ्टात गेला असता तर माझीच पूजा झाली असती."

मी ऑफिसात फोन केला. "सर, मी पंपाशेजारी उभी आहे. स्क्रीन काय म्हणतेय?"

"बंद," सर म्हणाले, समाधानानं.

मी लॅपटॉप उघडला. तो सुरू व्हायला वेळ घेतो. तेवढ्यात ऑपरेटर म्हणाला, सायबांना दाखवायला दोन ओळी लिहून द्या. मी कागद घेतला आणि लिहीत सुटले. त्यानं हळूहळू, ओठ हलवत वाचलं. "'कंत्राटी कामगारांच्या शोषणाचा हा आणखी एक निर्लज्ज अध्याय...' ताई, हे वाचून सायेब मला ठिवतील, का तुम्हाला बी काढतील?"

"नुसतं लिवा, पंप चालू व्हता," बायको पोत्यापाशी बसूनच म्हणाली.

मी खोडत गेले. शेवटी खरंच तेवढंच उरलं. आणि नेमकं तेवढंच मला सिद्ध करता येत नव्हतं.

लॅपटॉप डब्याला जोडला आणि मॉडेमला ऑफिसचा फोन लावायला लावला. किंचाळणं झालं, जोडणी झाली. मी डब्याला विचारलं, ऑफिसनं तुला कुठला पत्ता दिला? शेवटचा आकडा आला बारा. तीन नंबरचा तेरा असतो. बारा हा दोन नंबरचा पत्ता. जोडणी तोडून पुन्हा फोन लावला. पुन्हा बारा. म्हणजे इथला डबा प्रामाणिकपणे ओरडून सांगत होता, की मी चालू आहे, आणि स्क्रीन ते दोन नंबरच्या खात्यावर जमा करत होती. मग तीन नंबरच्या नावानं जे 'बंद' दिसत होतं ते कुणाचं?

मी दोन नंबरच्या ऑपरेटरला फोन लावला. मागं माणसांचा गलका होता.

"तुमचा पंप कसा चालतोय?"

"कुठला पंप? मोटर जळली ना खंडेनवमीलाच. मिस्त्री वाइंडिंगला घेऊन गेला. सायेबांना फोन केला व्हता, ते नीट न ऐकताच म्हणले बघू. मी गावाकडं सोयाबीन काढायलोय."

"साहेब तुमचं फार कौतुक करतायत."

"माझं? ते कशापायी?"

"तुमचा पंप एक मिनिट थांबला नाही म्हणून."

तो आवाज खाली आणून म्हणाला, "असू द्या ताई. लगीच सांगू नका."

म्हणजे जिची मोटर दुकानात उघडी पडली होती ती जागा सणभर स्क्रीनवर जोरात पाणी उपसत होती, आणि कुणालाही शंका आली नव्हती. चालू दिसणाऱ्या गोष्टीची चौकशी आमच्याकडे होत नाही. चौकशी बंद दिसणाऱ्याचीच होते.

ऑफिसात परत येऊन मी सरांना सगळं समजावलं. त्यांनी नीट ऐकलं आणि टेबलावर थाप मारली. "तेच म्हणतोय मी! त्यानं पूजेला डबा बंद केला, म्हणून पत्ता बदलला. अंधश्रद्धा!"

"सर, पत्ता तिकडचा डबा ठरवत नाही. इकडचा ठरवतो. इकडचा डबा खंडेनवमीला कोणी बंद केला होता?"

त्यांनी मान वळवून झेंडूच्या हाराकडे पाहिलं. मीही पाहिलं. दरवर्षी तो डबा चालू असतानाच आम्ही त्याला फूल वाहायचो. यंदा सरांच्या आई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, यंत्राला वर्षातून एक दिवस विश्रांती द्यायची तर पुरती द्या, नुसतं कुंकू लावून राबवू नका. कामगारांच्या हक्काच्या इतकं जवळचं वाक्य त्या ऑफिसात त्याआधी कुणी बोललं नव्हतं. वीज गेली तरी डबा चालू ठेवणाऱ्या बॅटरीचा खटका सरांनी स्वतः बंद केला आणि आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले.

फार पूर्वी, माझ्या आधी इथं असलेल्या कुणीतरी दोन आणि तीनचे उलटे पडलेले पत्ते सरळ केले होते, पण ती दुरुस्ती डब्यात कायमची साठवली नव्हती. जोवर वीज होती तोवर डब्याला ती आठवत होती. विश्रांती घेऊन उठला तो जुनी उलटी ओळख घेऊनच.

"म्हणजे पूजेमुळे बिघडलं, असं म्हणतेस?" सरांचा आवाज बदलला. व्याख्यान कुठल्या कुठं गेलं होतं. "खंडेनवमी आपली परंपरा आहे. आईनं केलेली पूजा आहे ती."

"पूजेमुळे नाही बिघडलं, सर." हे वाक्य माझ्याच तोंडून आलं यावर माझा विश्वास बसत नव्हता. "आधीच बिघडलेलं होतं. पूजेमुळे ते उघड झालं, इतकंच."

"म्हणजे पूजेनं चांगलंच झालं."

"तसंही नाही..."

पण ते आईला फोन लावत होते. मी हातानं थांबवलं. "आणि तीन नंबरवाला?"

"राहू दे की त्याला. मी कुठं काढलंय? रागात बोलतो माणूस."

मी पत्ते सरळ केले, कायमचे साठवले आणि ते टिकतात का बघायला डबा बंद करायला उठले. सर ओरडले, "चालू पडलंय ना? आता हात लावू नको!" आमच्या गाळ्याचा हा खरा धर्म आहे, बाकी सगळे सण. मी खटका बंद करून पुन्हा चालू केला. डबा उठला, या वेळी पत्ते जागच्या जागी. मग मी ऑपरेटरला मोबाइलवर फोन केला आणि म्हणाले, वहिनींना सांगा, पोतं सोडा.

तो म्हणाला, "आता दिसतोय का माझा पंप चालू?"

त्याच्या मॉडेमचा फोन येऊन जोडणी लागलेली होती. "दिसतोय."

"खरंच दिसतोय, का उगं म्हणायलात?"

"खरंच."

"थांबा. बंद करून बघतो. बंद बी दिसलं पायजे."

"अहो नको, आत्ताच..."

तीन नंबरची हिरवी ओळ लाल झाली. माझ्या मागं सर चहाचा कप घेऊन उभे होते. त्यांनी ओळ वाचली, आणि ज्याच्यावर सकाळपासून अन्याय झाला आहे अशा माणसाचा चेहरा हळूहळू उजळतो तसा त्यांचा उजळला.

"बघ," ते म्हणाले. "मी काय सांगत होतो?"

"दिसलं का ताई?" फोनमध्ये ऑपरेटर आनंदानं ओरडत होता. "बंद दिसलं का?"

"दिसलं," मी म्हणाले. "आता चालू करा. लवकर."