पाहणारी दाराबाहेर होती

प्रमिलाबाईंना मी तीन वेळा तपासलं आणि तिन्ही वेळा चुकलो.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. वर्षभर हे कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

आरमोरीकडच्या एका सरकारी दवाखान्यात मी डॉक्टर. मूळचा भद्रावतीचा. बाबा फॅक्टरीत होते, घरात सगळं घड्याळावर चालायचं. शिस्तीचं वेड तिथलंच.

इथे आलो तर ओपीडीत एका पेशंटबरोबर पाच जण आत. सासू, दीर, शेजारीण. पेशंट सोडून सगळे बोलायचे.

मी नियम केला. पेशंट एकटाच आत येणार. दारात शिपाई उभा केला.

महिनाभरात ओपीडी शांत. वरिष्ठ येऊन कौतुक करून गेले. त्या शांततेचा फोटो मी इथेच टाकला होता. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी लाइकही केला होता.

प्रमिलाबाई तलावात मासे धरायच्या. चाळिशीच्या, हसऱ्या.

पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "चक्कर येऊन पडली, साहेब."
"पडल्यावर काय झालं?"
"मले काही आठवत नाई जी."
रक्त कमी असेल म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या.

दुसऱ्यांदा जीभ चावलेली. "जेवताना चावली असंन." तोंडात लावायचं औषध दिलं.

तिसऱ्यांदा हात भाजलेला. चुलीवर पडल्या होत्या. मलमपट्टी केली आणि वर दरडावलं, "बाई, लक्ष कुठे असतं तुमचं?"
त्या हसल्या. "तेच तं समजत नाई, साहेब."

शुद्ध हरपणं. चावलेली जीभ. भाजलेला हात.

एका कागदावर लिहिलं असतं तर शिकाऊ पोरानंही ओळखलं असतं. मिरगी. पण दर वेळी नवा केसपेपर आणि मी घाईत.

मिरगी येते त्याला स्वतःला काही आठवत नाही. निम्मं निदान पाहणाऱ्याच्या तोंडून होतं. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत.

आणि पाहणारी तिन्ही वेळा आली होती. त्यांची जाऊ, देवकाबाई. बाहेर बाकावर बसून होती. काखेत कळसा अन् गावाला वळसा.

गेल्या वर्षी आजच्या दिवशी प्रमिलाबाई एकट्याच तलावावर गेल्या. पाणी गुडघाभरच होतं, पण त्या त्यातच पडल्या. दवाखान्यात आणलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

देवकाबाई पदर तोंडात कोंबून रडत होत्या.
"तिचे हातपाय ताठायचे, डोळे फिरायचे, तोंडाले फेस. मी पाह्यलं होतं, साहेब. म्हणून तिले एकटी सोडतच नव्हती. आज मी बाजारात गेली, अन्..."

"मग आधी का नाही सांगितलं?"

हे मी विचारलं. खरंच विचारलं. लिहितानाही लाज वाटते.

"आली होती ना जी सांगाले. दारातले भाऊ म्हणे, साहेब रागावते."

थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "तुमचा काय दोष? तुमी तं दवाई देत होते. माह्याच पापानं गेली ती."

मी गप्प बसलो.

मिरगीच्या गोळ्या माझ्याच कपाटात होत्या. रोज घेतल्या की बहुतेकांचे झटके थांबतात. एवढं एक वाक्य मी त्या बाईला बोललो नाही. माझी चूक तिच्या डोक्यावर ठेवून घरी गेलो, जेवलो, झोपलो.

दुसऱ्या दिवशी शिपाई दारातून हलवला. आता कोणी पडलं म्हटलं की आधी विचारतो, पाहिलं कोणी? त्याला आत बोलवा. गोळ्या सुरू केल्या की घरच्यांना बजावतो, मनानं बंद करू नका, पाण्यावर आणि चुलीपाशी एकटं सोडू नका.

लोक म्हणतात, डॉक्टर सुधारला. ते सोपं होतं हो. देवकाबाईंच्या घरी जायला पाय उचलत नव्हता.

आज सकाळी गेलो. त्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. सगळं सांगितलं. नियम, गोळ्या, माझं गप्प बसणं.

"हे तुमाले तेव्हाच मालूम होतं?"
"हो."
"सालभर मी तलावाकडे पाय नाई टाकला, साहेब. तिच्या पोरीले तोंड नाई दाखोलं."

मी हात जोडले. त्यांनी पाहिलंही नाही. सूप तसंच ठेवून त्या उठल्या आणि शेजारच्या घरात गेल्या, प्रमिलाबाईंच्या लेकीकडे.

मग दोघींच्या रडण्याचा आवाज आला. बराच वेळ.

मला कोणी बसा म्हटलं नाही. जा म्हटलं नाही.

प्रमिलाबाई, तुमच्या नावापुढे श्रद्धांजली लिहायला माझा हात धजत नाही.

चुकलो, बाई.