बंबातला पांढरा ठिपका

कापूस मार खाऊन राह्यला होता, ती वर्षं. यवतमाळात मी जीवाणूशास्त्र शिकत होते. वणीकडच्या गरम पाण्याच्या झऱ्यातले जीवाणू मी प्रयोगशाळेत वाढवले होते. उन्हाळ्यालाही गारठा समजणारी जात ती, सत्तर अंशांवर सुखात. बशीत सगळे पिवळे ठिपके आणि मध्येच एक पांढरा. मी कशालाही हात लावला नव्हता. स्वतःची नक्कल काढताना त्या जिवाचंच काहीतरी चुकलं होतं, असं माझं मत.

सरांचं मत वेगळं. "बाहेरची घाण पडली असेल. पुन्हा सत्तरवर वाढव. बाहेरचं असेल तर मरेल, मग बशी धुवायला टाक."

पांढऱ्याचा कण नळीत सोडला आणि भारनियमनाने वीज गेली. दुपारभर येणार नव्हती. नळी थर्मासात घालून मी खोलीवर पळाले. घरमालकीण खालांच्या अंगणातला तांब्याचा बंब पऱ्हाटीवर, कापसाच्या वाळक्या काड्यांवर, धगधगत होता. नळी दोरीने आत सोडली, शेजारी तापमापक. पारा चढला की काडी ओढायची, उतरला की सारायची.

पारा सत्तरला टेकला आणि आर्णीहून खालांचा जावई आला. गॅरेजवाला, कोपरापर्यंत ऑइल. खाला गार पाण्याची बादली घेऊन निघाल्या, कारण बंबात वरून गार ओतल्याशिवाय तोटीतून गरम येत नाही.

मी दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिले. "खाला, आज नका ओतू. माझा जीव आहे त्यात."

"काहून? तुह्या बापाचा बंब हाये? दामाद पारोसा बसन का?"

"काय शिजवून राह्यल्या बाई?" जावयाने खाटेवरून विचारलं.

"जंतू," मी म्हणाले.

खालांनी बादली ठेवली आणि दोरीला हात घातला. नळी वर येऊ लागली. मी त्यांचं मनगट धरलं. आयुष्यात इतका उद्धटपणा मी केला नव्हता.

"राहू द्या, अम्मी," जावई उठला. "जंतूच्या पाण्यानं न्हाऊन मी का दवाखान्यात जाऊ?" तो हापशावर गेला. गार पाण्याखालची त्याची प्रत्येक हुहू खाला माझ्याकडे बघत ऐकत होत्या. मी मान खाली घालून पऱ्हाटी सारत राहिले. वीज आल्यावरच उठले आणि नळी प्रयोगशाळेत परत नेली.

दुसऱ्या दिवशी नळी गढूळ होती, म्हणजे जीव वाढला होता. नव्या बशीवर त्यातल्या थेंबाच्या रेघा ओढल्या, तिलाही सत्तरवरच ठेवलं. उगवले ते सगळे पांढरे. सरांनी बशी खिडकीशी धरली, सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, पुन्हा खिडकीशी धरली.

"झऱ्यातलाच आहे," ते म्हणाले. मग त्यांनीच आधी धुवायच्या टोपलीत टाकलेली माझी जुनी बशी काढून कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.