बाबांनी घेतलेलं रीडिंग

लिहिणं हे खरं तर माझं काम नाही. दहावीच्या पुढे गेलेला आमच्या घरातला पहिला माणूस मी, आणि इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मी जे काही लिहिलं ते सगळं 'उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष' याच क्रमाने. त्यामुळे कुठे चुकलं तर आधीच माफी मागतो. हकीकत मात्र साधी आहे. यंदाच्या एप्रिलमध्ये एकोडीतल्या आमच्या अंगणात सूर्य सहा दिवस डोक्यावरून हललाच नाही. (निदान कागदावर तरी!)

मी नागपूरला इलेक्ट्रिकल शिकतो, सौर ऊर्जा हा माझा खास विषय. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता 'ग्रामीण भागातील स्थिर सौर पॅनलची दिवसभरातील वीजनिर्मिती'. पॅनल अंगणात एका जागी ठेवायचं, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच दर अर्ध्या तासाने मीटरवरचा आकडा वहीत लिहायचा. सहा दिवस. नेमकी त्याच आठवड्यात प्रॅक्टिकल परीक्षा लागली. प्रोजेक्ट नाही तर डिग्री नाही, आणि माझ्या डिग्रीची बातमी बाबांनी साकोलीच्या बाजारात केव्हाच पोचवली होती!

"बाबा, तुम्ही आकडे लिहाल का?"

"त्यात काय हाय गा? तू बिनधास्त पेपर दे."

सहा दिवसांनी घरी आलो. वही तयार होती, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. पानांचे फोटो काढून घेतले आणि परतीच्या बसमध्ये सगळे आकडे मोबाइलवर टाइप केले. पाहिले नाहीत. फक्त टाइप केले.

दोन दिवसांनी गाइड सरांनी केबिनमध्ये बोलावलं.

"तुमच्या गावात सूर्य मावळत नाही का रे?"

"मावळतो सर."

"किती वाजता?"

"साडेसहाला सर."

"मग पाच वाजता भर दुपारएवढी वीज कुठून आली? हा आलेख टेकडीसारखा यायला हवा. तुझा ओट्यासारखा सपाट आहे! आकडे घरी बसून बनवलेस ना?"

"नाही सर! मी तर आकडे घेतलेच नाहीत, बाबांनी घेतले."

(हे वाक्य माझ्या बचावासाठी होतं, हे मला स्वतःला अजून समजावावं लागतं.)

सरांनी आलेखाचा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "उद्या विभागप्रमुखांसमोर वडिलांना आण. आकडे खोटे ठरले तर प्रोजेक्ट रद्द. वर्ष गेलं समज."

व्हरांड्यातूनच फोन लावला.

"बाबा, खरं सांगा. आकडे मनाने लिहिले का?"

"काहून? कमी पडले का?"

"जास्त पडले!"

"मंग तं चांगलंच झालं ना गा!"

"बाबा!"

"अरे, पहिल्या दिवशी आठले पाहलं तं मीटरवर बावीस. म्हनलं, बावीसमध्ये पोरगा फेल होते. मंग पॅनल उचललं, सूर्याकडं तोंड केलं. आकडा दुपटीच्या वर! मंग दिवसभर फिरवतच राहिलो."

"अहो, प्रोजेक्टचं नावच स्थिर पॅनल आहे!"

"स्थिरच धरलं ना! एका बाजूनं मी, एका बाजूनं तुही माय. जराही हलू देलं नाही!"

मागून आईचा आवाज आला, "त्याले सांगा, दुपारी ते लय तापे, तं मी ओलं फडकं फिरवो. आकडा अजून चढे!"

"अन् चार वाजता वच्छलाच्या शेवग्याची सावली पडे," बाबा म्हणाले. "ते फांदी तोडून टाकली."

"शेजारच्या काकूंना विचारून?"

"विचारतो ना आता."

तेवढ्यात कुंपणापलीकडून वच्छलाकाकूंचा आवाज आला. "पयले तोडते, मंग विचारते! इंजिनिअर पोरापायी असाच गाव उजाड करान काय जी तुम्ही?"

फोन कट झाला.

दुसऱ्या दिवशी बाबा एसटीने आले, धुतलेला शर्ट, हातात वही. पॅनल फिरवण्यापासून ओल्या फडक्यापर्यंत सगळं त्यांनी आधीच सांगून टाकलं. विभागप्रमुखांनी वही चाळली आणि एका पानावर थांबले.

"इथे लिहिलंय, 'ढग आला. थांबलो. गेल्यावर लिहिलं.' असं का?"

"ढगाचे मार्क पोराले काहून लागावे जी?" बाबांनी तितक्याच गंभीरपणे विचारलं.

मी डोळे मिटून घेतले. गेलं वर्ष!

"बरं, पॅनल सूर्यासमोर नेमकं आलं, हे तुम्हाला कसं कळायचं?"

"त्याच्यावर एक काडी उभी धरो जी. काडीची सावली गायब झाली का समजायचं, बरोबर हाय. जिकडं सावली पडे, तिकडून पॅनल उचलायचं."

प्रमुखांनी सरांकडे पाहिलं, सरांनी माझ्याकडे.

"ही पद्धत तू सांगितलीस?"

"नाही सर," मी म्हणालो. (ती आम्हाला तिसऱ्या वर्षाला होती. मी ऑप्शनला टाकली होती.)

आम्हाला बाहेर बसवलं, मग कळवतो म्हणून घरी पाठवलं. बसस्टँडवर बाबांनी हळूच विचारलं, "माह्यानं काही चुकलं का गा? तुहं वर्ष तं नाही ना जात?" मी समोरच्या एसटीची पाटी वाचत राहिलो. नंतरचे आठ दिवस घरात कोणी धड जेवलं नाही. फोन वाजला की आई हातातलं काम टाकून दाराशी उभी राहायची.

नवव्या दिवशी सरांचा मेसेज आला. प्रोजेक्ट मंजूर, पण नाव बदलून: 'हाताने फिरवलेल्या व ओल्या फडक्याने थंड ठेवलेल्या पॅनलची वीजनिर्मिती'. खाली प्रोजेक्ट तपासणाऱ्या समितीचा शेरा होता. बाबांनी तो मोठ्याने वाचायला लावला, म्हणून आई, बाबा आणि कुंपणापलीकडच्या वच्छलाकाकू अशा तिघांसमोर मी वाचला:

"काम उत्कृष्ट. त्यात विद्यार्थ्याचा सहभाग आढळून आला नाही. सबब, विद्यार्थी उत्तीर्ण."