निळ्या उजेडातली खुशी

कॅनडातल्या सास्काटूनच्या विद्यापीठात ग्लेन होलोवाच वर्षानुवर्षं हंगामी संशोधक होता. डोक्यावरचे केस गेले, पण हंगाम काही संपला नाही.

त्याचं भांडवल एकच. हॅमस्टरच्या जिवंत पेशींवर निळा उजेड टाकला की त्यांच्यातली मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशींची वीजघरं, हिरवी चमकत. उजेड वाढवला की आणखी झगमगत. ग्लेन म्हणे, पेशींना उजेड मानवतो, त्या खुशीत येतात. खुशीतल्या पेशींचं चित्रण आटोपलं, की बशीत ब्लीच ओतून त्यांना मोरीत सोडायचं. दुसऱ्या दिवशी त्यांची विचारपूस करायची त्या विभागात पद्धत नव्हती.

"माझ्याकडे कधी एवढं निरखून बघितलंयस का रे?" पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, भरता भरता बायको, डार्लीन, विचारी.

"तू चमकत नाहीस ना!"

"कायमची नोकरी आण, मग बघ कशी चमकते!"

अखेर कायमच्या जागेसाठी त्याचं भाषण ठरलं. आदल्या दिवशीचं चित्रण इतकं झकास झालं, की आनंदाच्या भरात स्वारी ब्लीच ओतायलाच विसरली. बशी उबदार कपाटात तशीच राहिली. सकाळी बघतो तर पेशी आक्रसून, सुटून पाण्यावर तरंगत होत्या. शेजारची, उजेड न दाखवलेली बशी मात्र ठणठणीत. ग्लेनच्या लक्षात आलं. इतकी वर्षं तो जिला खुशी म्हणत आला, ती तडफड होती.

भाषणात चित्रफीत संपली, टाळ्या पडल्या. ग्लेनला राहवेना. "या पेशी सकाळपर्यंत मेल्या. माझ्या उजेडानंच मेल्या," तो म्हणाला.

विभागप्रमुख ब्रेंडा मॅक्रे यांनी शांतपणे चष्मा पुसला. "चित्रणाच्या वेळी जिवंत होत्या ना?"

"होत्या, पण..."

"मग झालं तर! आपला विभाग जिवंत पेशींचा. मेल्यानंतरचं खालच्या मजल्यावरचे बघतील."

ग्लेनने तोंड उघडलं. डार्लीन आठवली. त्याने ते मिटलं.

नोकरी मिळाली. प्रवेशदालनात त्या पेशींचं भिंतभर चित्र लागलं, खाली नाव: 'आनंदी पेशी'. पडदा ओढायचा मान ग्लेनचा. नव्या ब्लाउजमध्ये डार्लीन खरोखरच चमकत होती.

"काय जिवंत दिसतात रे!" ती म्हणाली.

ग्लेनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणाचं आपल्या चेहऱ्याकडे लक्ष जाऊ नये म्हणून त्यानेच सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.