पूलवाल्या गेममधला उजवा हात

या धाग्यावर तुमची जी जुंपली आहे ती मी गेले काही दिवस चवीने वाचतोय. आरपीजी प्रकारच्या गेममध्ये सेव्ह कुठेही करता यावं की ठरावीक जागीच, मेलेला गडी परत उठावा की मेला तो मेलाच... एका महाशयांनी तर लिहिलंय की ‘कायमची जखम हे आळशी डिझाइन आहे’. हे सगळं त्या महाशयांसाठी.

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आई दाराला लिंबू-मिरची बांधायची आणि मी त्यातली मिरची काढून वडापावाबरोबर खायचो. इथले अमानवीय अनुभवांचे धागेसुद्धा मी करमणूक म्हणूनच उघडतो. पण हे माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलंय, त्यामुळे पंचाईत आहे.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ. आम्ही अंबरनाथ पूर्वेला राहायचो, बाबा कारखान्यात ऑफिसर. शाळेपासूनचा माझा दोस्त मन्या पालेगावचा, घरची भातशेती. दहावीनंतर तो एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर लागला. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, वरून प्रेसचा ठोका पडला की तयार वॉशर बाहेर, असं दिवसभर. तिसरा जेठू, सिंधी. त्याच्या वडिलांचं उल्हासनगरात टीव्ही-टेपरेकॉर्डरचं दुकान होतं आणि दुकानामागच्या खोलीत जेठूने स्वतः जोडलेला फोर-एटी-सिक्स कॉम्प्युटर. शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी, जेठूचं दुकानही बंद. मी कॉलेजला दांडी मारायचो. सकाळपासून आम्ही तिघं त्या खोलीत, शेजारून पापड भाजल्याचा वास, आणि समोर गेम.

त्या गेमचं नाव मला आजही माहीत नाही. कॉपीची कॉपी करत तो आमच्यापर्यंत आला तेव्हा त्याचा पहिला स्क्रीनच गायब होता. मध्ये एक दगडी पूल लागायचा म्हणून आम्ही त्याला ‘पूलवाला’ म्हणायचो. तिघांची टोळी बनवायची आणि चालत सुटायचं. योद्ध्याचं नाव मन्या, जादूगार जेठू आणि चोर मी — अव्या. कीबोर्ड कायम माझ्याकडे, कारण माझी बोटं सगळ्यात भरभर चालायची. बाकीचे दोघं शेजारी बसून हुकूम सोडणार.

त्या गेमची खासियत म्हणजे जखमा. प्रत्येक गड्याच्या शरीराचं एक छोटं चित्र असायचं — डोकं, धड, हात, पाय. धडधाकट भाग हिरवा, जखमी लाल, आणि तुटला की काळा. काळा झालेला भाग परत कधीच हिरवा व्हायचा नाही. औषध नाही, मंत्र नाही. वर सेव्ह एकच, तेही गेम स्वतःच करणार. म्हणजे हात गेला की गेला. जेठूने यावर उपाय काढला होता. मोठ्या मारामारीआधी गेममधून बाहेर पडायचं, सेव्हची फाइल फ्लॉपीवर उतरवायची, आणि हरलो की तीच फाइल परत चढवायची. अशा फ्लॉप्यांनी त्याचा बिस्किटांचा डबा भरला होता.

यावरून त्या दोघांची तुमच्यासारखीच भांडणं व्हायची.

“साईं, गेम मजेसाठी आहे ना? मग शिक्षा कशाला?” जेठू म्हणायचा.

“तुटलेला हात परत उगवला तर मंग लढलो कशाला?” मन्या तापायचा. “मना तुझी फ्लॉपी नको. मेलो तर मेलो.”

असा हा कट्टर माणूस. आणि अशाच एका शुक्रवारी चहा पिताना त्याने मोठ्या कौतुकाने आम्हाला सांगितलं की त्याच्या प्रेसला दोन बटणं आहेत. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय ठोका पडत नाही, म्हणजे दोन्ही हात साच्याबाहेर राहतात. पण त्यात वेळ जातो, आणि मजुरी तर नगावर. म्हणून सगळेच एका बटणात आइस्क्रीमची काडी ठोकून ते दाबलेलं ठेवतात. मग डाव्या हाताने दुसरं बटण, आणि उजवा मोकळा, माल सरकवायला. मी म्हटलं, हे तुझं फ्लॉपीपेक्षा काय वेगळं आहे? मन्या नुसता हसला.

चहानंतर आम्ही पुलावर गेलो. जेठूने आधी गुपचूप फ्लॉपी करून घेतली होती. पुलावर एक राक्षस बसलेला असायचा, बिनडोळ्यांचा. तो तलवार वगैरे वापरायचा नाही. तो माणूस पकडायचा आणि ओढायचा. त्याने मन्याच्या योद्ध्याचा उजवा हात धरला. मी कुऱ्हाडीचे घाव घालत होतो, राक्षसाचं पोट फाटून आतडी बाहेर लोंबत होती, तरी त्याची पकड सुटेना. कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून ऊस मोडल्यासारखा आवाज आला. हात खांद्यातून उखडला, सगळा पूल लाल झाला आणि मग त्याच तुटलेल्या हाताने तो योद्ध्याचं डोकं ठेचत बसला. तिघं हसलो आम्ही. खरं सांगतो, तेव्हा मजा वाटली होती.

मन्या नको म्हणत असतानाही जेठूने फ्लॉपी चढवली. योद्धा पुलाअलीकडे उभा, जिवंत. पण उजवा हात काळा.

“तुझी कॉपी बिघडली,” मी म्हटलं. जेठूने डब्यातली आधीची फ्लॉपी लावली. त्यातही काळा. त्याच्या आधीची, तेच. शेवटी त्याने डब्याच्या तळातून अगदी पहिली काढली. त्यात आमची टोळी नुसती तयार झाली होती, कोणी पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. अंगात नवे कोरे कपडे, जेठू हिरवा, मी हिरवा... आणि मन्याचा उजवा हात काळा.

“व्हायरस आहे, साईं. स्कॅन मारतो,” जेठू म्हणाला. स्कॅनमध्ये काही निघालं नाही. मन्याने स्वतःचा उजवा हात पडद्यापुढे धरला आणि कडाकड बोटं मोडली. “हा बघ, हाय ना?” म्हणाला आणि घरी गेला.

मला मात्र ते सोडेना. भीती वाटत होती म्हटलं तर माझ्याच तत्त्वांना बाधा येत होती, म्हणून मी स्वतःला सांगितलं की ती काडी मुळातच धोक्याची आहे, तेवढं बोलून येऊ. शनिवारी दुपारी कॉलेजातून परतताना रिक्षा केली आणि सरळ वर्कशॉप गाठलं.

आत इतका आवाज होता की स्वतःचं बोलणंसुद्धा ऐकू येत नव्हतं. मन्याची पाठ माझ्याकडे. डावा हात बटणावर, उजवा साच्यात, बाहेर, साच्यात, बाहेर. एका बटणात काडी. मी हाक मारली, त्याला कळलं नाही. तेवढ्यात त्याचा उजवा हात पुन्हा आत जाताना दिसला आणि माझं डोकंच फिरलं. मी मागून जाऊन त्याचं कोपर धरलं आणि जीव खाऊन ओढलं.

तो दचकून वळला. कोण आहे हे कळायच्या आधीच त्याने ठोसा मारला. माझं नाक फुटलं, तोंडात रक्त आलं. मीही चिडलो, त्याची कॉलर धरली.

“काडी काढ आधी,” मी ओरडलो.

“येडा झालास काय? कोनी सांगला तुला हितं यायला?”

काय सांगणार, गेमने? मी काडीसाठी हात पुढे केला, त्याने मला ढकललं, मी तेलावरून घसरलो आणि पडताना आधारासाठी उजव्या हाताला येईल ते धरलं. ते साच्याचं तोंड होतं. झटापटीत मन्याची कंबर त्या दुसऱ्या बटणावर आपटली.

दुखलं नाही लगेच. फक्त एक धक्का बसला आणि हात मागे येईना. मग आला, तेव्हा तीन बोटं तिथेच राहिली होती. पत्र्यावर चपटी झालेली, नखांसकट. रक्त मन्याच्या तोंडावर उडालं होतं आणि तो ते पुसतही नव्हता. त्याने स्वतःचा शर्ट फाडून माझ्या हाताला गुंडाळला आणि रिक्षात मला लहान पोरासारखं मांडीवर घेऊन बसला. रस्ताभर एकच म्हणत होता, “मी काय केला रे हा... मी काय केला.”

पुढच्या आठवड्यात फिटरने तो प्रेस उघडला. आतला एक भाग तडकलेला निघाला. फिटर म्हणाला, हा आज ना उद्या कोणी बटण न दाबता आपोआप दुसरा ठोका मारणारच होता, आणि साच्यात ज्याचा हात असता त्याचा मनगटापासून गेला असता. मन्याने हे हॉस्पिटलात येऊन सांगितलं आणि माझ्या पायाशी बसून रडला. त्याच्या मते मी त्याचा हात वाचवला. त्याच्या घरचे अजून मला तसंच वागवतात. मलाही तसंच वाटावं अशी माझी फार इच्छा आहे. पण मी गेलो नसतो तर शनिवारी काहीच झालं नसतं, हेही तितकंच खरं. पडद्यावर नाव मन्याचं होतं, पण त्या योद्ध्याचा हात चालवत होती माझी बोटं. मग तो काळा हात कोणासाठी होता?

जखम भरल्यावर एका शुक्रवारी आम्ही तिघं पुन्हा जेठूच्या खोलीत जमलो. कीबोर्ड मन्याने घेतला. जेठूने पुलाअलीकडची तीच फ्लॉपी लावली. योद्ध्याचा उजवा हात हिरवागार. मी माझ्या चोराचं चित्र बघायला लावलं. तोही पूर्ण हिरवा. सगळे धडधाकट. जेठू खूश झाला, म्हणाला, व्हायरस गेला. मला मात्र तेव्हा जेवढा राग आला तेवढा हॉस्पिटलातही आला नव्हता.

मन्याने डबा उचलून एकेक फ्लॉपी पायाखाली मोडली. मग मन्या तिघांना घेऊन पुलावर गेला आणि हत्यार न उचलता उभा राहिला. राक्षसाने आधी त्याला फाडलं, मग जेठूला, मग मला. खूप वेळ चाललं ते. शेवटी पडद्यावर काही उरलं नाही तेव्हा मन्याने कॉम्प्युटर बंद केला आणि माझी बॅग खांद्याला लावून निघाला.

आज मन्याचं बदलापूरला स्वतःचं वर्कशॉप आहे. बटणात काडी दिसली की तो माणसाला त्याच दिवशी घरी पाठवतो. गेम आम्ही आजही खेळतो. म्हणजे मी डाव्या हाताने माऊस धरतो, तो शेजारी बसून चुका काढतो. सेव्हबद्दल माझं मत विचाराल तर एकच असावं आणि ते गेमच्याच हातात असावं, मग तुम्ही मला कितीही शिव्या घाला.

राहता राहिलं स्पष्टीकरण. ते नाही. आई आता थकली आहे, बऱ्याच गोष्टी विसरते, पण हाताला तेल लावून देताना अजून तेच विचारते — “अवी, शनिवारी भरदुपारी तुझं तिथे काय काम होतं रे?” आणि दर वेळी मी तिला सांगतो, सहज गेलो होतो.