दोन बोटं माया

सोलापुरातील तमाम आईवडील, आजीआजोबा आणि चार फुटांखालील सर्व नागरिकांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आमच्या गल्लीतल्या टेलरमामांइतकं अचूक माप घेणारा माणूस या शहरात झाला नाही. आणि त्या मापावर त्यांनी कधीही कात्री चालवली नाही.

कारण माया. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. मामांच्या हातचा कोट उलटा केला, तर आतून आणखी एक कोट निघेल. माझ्या लग्नातला कोट माझं पोट सुटेल तसा चारदा उसवून वाढवला, तरी आत कापड शिल्लकच आहे. शिवताना ‘एवढं कापड आत कशाला’ म्हणून मी कुरकुरलो होतो, तर म्हणाले, “पुढं लागतंय की! अंग काय विचारून वाढतंय?” ही माया कपड्यापुरती नव्हती. होटगीच्या एका लग्नाला ते आदल्या दिवशीच पोचले आणि मांडववाल्यांबरोबर जेवून आले. मात्र चूक हा शब्द त्यांच्या दुकानात नव्हता. शर्ट एका बाजूला लोंबला, तर म्हणायचे, “शर्ट बरोबर हाय. खांदा उतरलाय तुमचा.”

मामा तेलुगू घरातले. त्यांची नात त्यांना तातय्या म्हणते. ही गोष्ट घडली तेव्हा ती नऊ वर्षांची होती, पण चणीनं एवढीशी. वर्गात तिला सगळे ‘टिकली’ म्हणायचे. संक्रांतीच्या जत्रेत, आमच्या गड्ड्यावर, टोपल्या गरागरा फिरवणारा ब्रेकडान्स नावाचा पाळणा लागतो. त्यात बसायला चार फूट उंची लागते. उंची कमी म्हणून आधीची दोन वर्षं तिला तिथून परत पाठवलेलं. त्या वर्षी मामांनी घरी दाराला उभी करून टेप लावली आणि जाहीर केलं, “चार फूट! बसतीस!” पोरीनं ते वर्गभर सांगून टाकलं.

मामा, नात आणि मी, आम्ही तिघं गेलो. उंचीच्या फळीवरची रेघ मामांनीच मारलेली. चार दिवसांपूर्वी पाळणेवाल्याची ताडपत्री शिवायला गेले होते, तेव्हा तो म्हणाला होता, “चार फुटांवर एक रेघ मारून द्या की.” नात फळीला टेकून ताठ उभी राहिली. रेघ डोक्याच्या दोन बोटं वर.

“न्हाय बसत,” पाळणेवाला म्हणाला.

“टिकली, पुढच्या वर्षी ये!” रांगेतून वर्गातलीच कुणीतरी ओरडली.

नात मामांकडे वळली. “तातय्या, तुम्ही चार फूट म्हणला होता की.”

मामांनी फळीजवळ जाऊन रेघेवर बोट ठेवलं. मग माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, “मी माया सोडली वाटतं.”

“रेघेला?”

“हाताला सवय हो. माप घेतलं की खूण दोन बोटं बाहेरच पडते.”

मला हसू फुटणार होतं, पण त्यांचा चेहरा पाहून आवरलं. मामा गप्प बसले असते, तर पुढच्या वर्षी नात आपोआप वाढली असती आणि हे कुणाला कळलंही नसतं. मामांनी गळ्यातली टेप काढली, सगळ्या रांगेसमोर फळी मोजली आणि मोठ्यानं म्हणाले, “माप चुकलं. माझं चुकलं. चार दिवस किती पोरं रडत गेली असतील!” मग खिशातल्या खडूनं बरोबर चार फुटांवर नवी रेघ मारली. नातीचे केस त्या रेघेला नेमके टेकले. नेमके, ना कमी, ना जास्त.

ती टोपलीत बसली. तिच्यापुढं टोपलीचा दांडा लागला आणि मामांनी भीतीनं कठडा धरला. आता त्या गोष्टीला काही वर्षं झाली. नात मामांच्या खांद्याला लागते आणि जत्रेला मैत्रिणींबरोबर जाते. मामांनी मशीन विकलं. पण गड्ड्यावर भोंगा वाजला की मला ते कठडा धरून, फिरणाऱ्या टोपलीमागे मान फिरवणारे मामा दिसतात. पोर वरून आनंदानं किंचाळत होती, आणि इतक्या लोकांसमोर कबूल केलेली चूक परत घेत मामा खालून ओरडत होते, “चूक नव्हती गं ती! माया होती, माया!”